मिठाची शंका

देवानं नियम करताना एकदाही भट्टीसमोर उभं राहून पाहिलेलं नाही, असं बिशायचं ठाम मत होतं. चर्चची पवित्र भाकर भाजायची तर आंघोळ करून, उपाशीपोटी, तोंडानं स्तोत्रं म्हणत. पीठ, पाणी आणि आंबवण, बस्स. मीठ अजिबात नाही. का, तर म्हणे ख्रिस्त स्वतःच मीठ. "मग पाणी तरी कशाला?" बिशाय म्हणायचा. "क्रुसावर त्याच्या कुशीतून तेही निघालंच होतं." गावातल्या बायका कानांवर हात ठेवायच्या आणि घरी जाऊन तेच नवऱ्यांना सांगून हसायच्या.

तरी वीस वर्षं भाकर तोच भाजत होता, कारण नाईलच्या त्या काठावर दुसऱ्या कुणाला ती तशी जमत नव्हती. गेली तीन वर्षं तर गंमतच होती. भाजायची त्यानं, पण खायला बंदी. आईच्या मयताच्या दिवशी धाकटा भाऊ बखूम चारचौघांत म्हणाला, की दादानं आज भाकरी कच्च्या ठेवल्या. झालं, बोलणं बंद. भावाशी वैर धरून वेदीपाशी यायचं नाही, हा नियम अबूना बीमेन या पाद्रीबाबांनी लगेच लावला.

"मग भाकर कोण भाजणार?" बिशायनं विचारलं होतं.

"तूच. मला तुझे हात हवेत, तोंड नको."

शेवटी परवा शुक्रवारी बिशायच्या बायकोनं, दिम्यानानं, दोघा भावांना एका खोलीत घालून बाहेरून कडी लावली. दोन तासांनी कडी काढली तर दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. भाकर कच्ची होती की नाही याचा निकाल काही लागला नव्हता. रविवारी शेजारी शेजारी उभं राहून दोघांनी पवित्र भाकर घ्यायची, एवढं ठरलं. बखूम मानी माणूस. जाताजाता त्यानं बजावलं, "तू आला नाहीस दादा, तर ते रडणं नाटक होतं असं मी समजेन."

आणि आज रविवार. चर्चमागच्या भट्टीच्या खोलीत भाकरी बाहेर आल्या होत्या, गोल, क्रुसांचा ठसा स्वच्छ उमटलेला. बिशाय फळी झाडायला वळला आणि त्याला मिठाचा डबा दिसला. काल बायकांनी इथंच गरिबांसाठी साध्या भाकरी केल्या होत्या, त्या डबा विसरून गेल्या होत्या. झाकण उघडं, आणि आत मूठभर मीठ उपसल्याचा खड्डा.

बिशायनं आपल्या हातांकडे पाहिलं. आठवड्याचे सहा दिवस तो बाजारासाठी भाजायचा आणि प्रत्येक घाण्याला मूठभर मीठ टाकायचा. हात कुणाला विचारत नसे. आज मळताना तोंडात स्तोत्र होतं, डोक्यात बखूम होता. हातानं काय केलं, ते हातालाच ठाऊक.

तो अबूनांकडे गेला. "एक भाकर जरा चाखून बघा."

"आणि उपास मोडल्यावर मिस्साची प्रार्थना कोण म्हणणार? कालपासून पाण्याचा थेंब नाही तोंडात."

"मग चालवून घ्या. चिमूटभर मिठानं देव आजारी पडत नाही."

"शंकेची भाकर मी वेदीवर ठेवणार नाही. खारट असेल तर कालव्यापलीकडच्या चर्चकडे हक्कानं मागेन. पण त्यांचीही मिस्सा आहे, नुसत्या शंकेवर त्यांची टोपली कशी रिकामी करू? आधी खात्री कर. आणि जो चाखेल त्याचा उपास मोडला, त्याला आज वेदीपाशी यायचं नाही."

चाखायला कोण मिळणार? सगळं चर्च उपाशी. बिशाय भाकर घेऊन रस्त्यापलीकडे गेला. तिथं हसानैन आपल्या बंद चहाच्या टपरीसमोर बाकावर आडवा झाला होता.

"हसानैन, एवढा तुकडा खाऊन सांग."

"रमजान चालू आहे. डोकं फिरलंय का तुझं?"

"तुझा देव एका तुकड्यावर रागावणार नाही."

"तो नाही रागावणार, पण माझी बायको रागावेल. सूर्य मावळल्यावर ये, टोपली संपवतो."

"देवानं सकाळी सकाळी अख्ख्या गावाचं तोंड बांधून ठेवलंय."

"त्याला शांतपणे झोपायचं असेल," हसानैन म्हणाला आणि त्यानं कूस बदलली.

चर्चच्या मांजरीला मात्र उपास नव्हता. तिनं तुकडा खाल्ला, मिशा चाटल्या आणि साक्ष न देताच निघून गेली.

बिशाय टोपलीपुढे बसला. 'आठवलं अबूना, नव्हतं टाकलं,' एवढं म्हटलं की संपलं. कबुलीजबाब देताना त्यानं याहून मोठ्या थापा मारल्या होत्या. पण समोर ती भाकर होती. बाजारच्या प्रत्येक भाकरीत त्याचं काहीतरी असायचं, त्याचं मीठ, त्याचे तीळ, त्याची घाई. ही एकच अशी, की तिच्यात स्वतःचं काही घालायचं नाही. वीस वर्षं त्यानं या नियमाची टर उडवली होती आणि एकदाही तो मोडला नव्हता. ही भाकर त्याला फार सुंदर वाटायची, म्हणून. हे आपल्याला आजच कळावं याचा त्याला भयंकर संताप आला. त्यानं तुकडा मोडून तोंडात टाकला.

अळणी. शुद्ध अळणी. बिशाय त्या पवित्र खोलीत जे बोलला ते इथं लिहिता येत नाही.

अबूनांनी टोपलीतली सर्वांत निर्दोष भाकर निवडली आणि मिस्सा सुरू झाली. भाकर घ्यायची वेळ आली तेव्हा बखूम अनवाणी पायांनी मागच्या खांबापाशी, बिशाय उभा होता तिथं आला.

"चल ना."

"मी नाही येत."

बखूमचा चेहरा आवळला. "म्हणजे शुक्रवारचं ते..."

"सकाळी भाकर चाखली रे. मीठ पडल्याची शंका होती."

"पडलं होतं?"

"नाही."

"मग उगाच गेला तुझा दिवस. आठवलं म्हणून अबूनांना सांगायचंस. माझ्यासाठी एवढं खोटं चाललं असतं."

"तुला चाललं असतं," बिशाय म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याला ते लपवता येत नव्हते. "जा तू. रांग संपत आली."

बखूमनं वेदीकडे पाहिलं, मग खांबाला पाठ टेकली.

"पुढच्या रविवारी जाऊ दोघं. आज एकटाच गेलो आणि देवानं विचारलं, भाऊ कुठाय तुझा, तर काय सांगू?"

बिशायनं सरकून त्याला जागा करून दिली.