अंतोनीचा वशिला

लग्नाला चार वर्षं झाली तरी भानुमतीबाईंनी सुनेला तो प्रश्न विचारायचं सोडलं नव्हतं. "देवाकडेसुद्धा वशिला लागतो का गं तुमच्यात? सरळ देवालाच सांगावं की!"

सोनल वसईची कॅथलिक. माहेरहून येताना तिनं आईच्या पूजेतली एक वीतभर मूर्ती आणली होती. हातात बाळ येशू घेतलेला संत अंतोनी, हरवलेलं शोधायला ज्याला साकडं घालतात तो. "आई, देणारा देवच. संत त्याच्याजवळ स्वर्गात आहेत, म्हणून आपण त्यांना म्हणतो, आमच्यासाठी प्रार्थना करा. बस, इतकंच," ती सांगे. "म्हणजे वशिलाच," सासूबाई निकाल देत.

आज मात्र हिंदी मुलखातल्या त्या शहरात, बडा गणपती देवळाजवळच्या त्या घरात कुणाला वाद सुचत नव्हता. सासरे अप्पासाहेब सकाळी नऊपासून बेपत्ता होते. वय अठ्ठ्याहत्तर, आठवणीनं दगा दिलेला. त्यातून सकाळचं इन्सुलिन घेतलेलं आणि पोटात अन्नाचा कण नाही. साखर उतरली तर माणूस कुठंही आडवा व्हायचा. आता साडेबारा वाजले होते. मनीषनं, सोनलच्या नवऱ्यानं, परदेशीपुऱ्यापर्यंतच्या गल्ल्या पालथ्या घातल्या होत्या. पुन्हा निघताना तो जिन्यातून ओरडला होता, "खालच्या दाराची कडी कुणी उघडी ठेवली, ते मला आल्यावर कळलं पाहिजे. बाबांना काही झालं तर मी त्याला माफ नाही करणार!"

कडी सोनलनं उघडी ठेवली होती. कचरागाडीचं गाणं ऐकून ती डबे घेऊन खाली धावली, परत येताना ऑफिसचा फोन आला, आणि बोलता बोलता कडी राहिली. साडेतीन तास ती हे गिळून बसली होती.

शेवटी ती अंतोनीकडे गेली, तर फळीवर मूर्तीच नव्हती. देवघरात पाहते तो काय, भानुमतीबाईंनी देव पाण्यात घातले होते. माणूस घरी येईपर्यंत देवांनाही सुटका नाही, ही त्यांच्या घरची जुनी रीत. घंगाळात बाळकृष्ण होता, अन्नपूर्णा होती, आणि त्यांच्या शेजारी नाकापर्यंत बुडालेला संत अंतोनी.

"आई! ही प्लास्टरची आहे!"

सोनलनं मूर्ती उचलली. झग्याचा तपकिरी रंग पाण्यात उतरला होता, चेहरा पुसट झाला होता आणि बाळ येशूचा हात विरघळून गेला होता. आईची तेवढीच एक वस्तू तिच्याजवळ होती. तिला असा राग आला की डोकं भणाणून गेलं. "त्याला अडवून काय होणार? तो देव नाहीये! तुमच्या-माझ्यासारखा माणूस होता तो. त्याला फक्त विनंती करायची असते."

भानुमतीबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "मला काय माहीत गं. वाटलं, आज सगळेच पाहिजेत." मग घाईनं म्हणाल्या, "मग कर ना विनंती. त्याला मराठी समजतं का?"

"माझी आई त्याच्याशी मराठीतच बोलायची."

सोनलनं ओली मूर्ती छातीशी धरली. "संत अंतोनी, आमच्यासाठी विनंती कर..." विनंती अर्धवट सोडून ती सासूबाईंकडे वळली. "आई, कडी माझ्याकडून राहिली."

भानुमतीबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "साडेतीन तास झाले, सोनल," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच सोनलला जास्त भीती वाटली.

तेवढ्यात फोन वाजला. मनीष होता. "मिळाले! धारच्या बसमध्ये बसून बेटम्याला उतरले होते. चहावाल्यानं बघितलं. म्हणाला, भिया, बाबूजी के हाथ काँप रहे थे, मैंने शक्कर खिला दी. खिशातल्या चिठ्ठीवर माझा नंबर होता म्हणून बरं. ठीक आहेत, आणतोय. आणि ते कडीचं मी विसरलो नाहीये हां."

भानुमतीबाई मोठ्यानं रडल्या. मग त्यांनी एकेक देव बाहेर काढून पुसला, आणि शेवटी सुनेच्या हातून अंतोनी घेऊन पदरानं अलगद टिपला.

तासाभरानं खाली हॉर्न वाजला. सोनलनं सासूबाईंचा हात धरला. "आई, तुम्ही सांगाल त्याला? माझ्यानं नाही होणार."

"मलाही तुझा राग आलाय, हे ध्यानात ठेव," भानुमतीबाई म्हणाल्या. त्यांनी मूर्ती देव्हाऱ्याजवळ सुकत ठेवली आणि कठडा धरत जिना उतरल्या. सोनल वरच्या पायरीवर थांबली.

अप्पासाहेब चहा मागतच आत आले. मागोमाग डोळे लाल झालेला मनीष. "कडी कुणी..."

"आधी माझं ऐक. सोनलकडून राहिली. चूक झाली तिची. तिला सांभाळून घे, मी विनंती करतेय तिच्यासाठी."

मनीषनं वर जिन्याकडे पाहिलं. "ती मला सरळ नाही सांगू शकत? मध्ये तू कशाला?"

हा प्रश्न भानुमतीबाईंच्या ओळखीचा होता. "सांगेल," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या रागाला घाबरलीय रे ती. म्हणून मी आधी आले."

सोनल जिना उतरू लागली.