जावयाच्या नावातला आवाज

पीटर हे नाव त्याला मिशनने दिलं होतं. मिशनच्या देवळात ते चाललं, बाजारात चाललं. पण मेलेल्याला कड्यावरून वाट दाखवायची तर खरं नाव हाकारावं लागतं. पलीकडच्या डोंगरातले वाडवडील पीटर-बिटर कुणाला ओळखत नाहीत. आणि खऱ्या नावाच्या मधोमध तो आवाज होता.

तो लिहिता येत नाही. जिभेचं बूड टाळूला टेकवायचं आणि दाढांच्या कडेने वारा सोडायचा. पूर्वी असा आवाज काढला की धावतं रानडुक्कर जागच्या जागी बसकण मारायचं. खोटं वाटत असेल त्याने डुकराला विचारावं.

पीटर वारल्याचं कळलं तशी त्याची लेक योमिसी शहरातून आली होती. तिने कड्यावर उभं राहून हाक मारली, पण त्या आवाजाच्या जागी साधा, मऊ ‘ल’ घालून. विस्तवातल्या सुरूच्या लाकडांचा धूर सरळ वर गेला. तो दरीकडे वळला नाही, म्हणजे बाप अजून घराभोवतीच.

“हा कोण गं?” विस्तवापाशी बसलेला म्हातारा तुमारी म्हणाला. “आमच्यात असा कुणी मेला नाही.”

“मग तुम्हीच मारा ना हाक, काका!”

“दाढा कुठायत? सुपारीने खाल्ल्या सगळ्या.”

सगळ्यांनी बुबूकडे पाहिलं. बुबू म्हणजे योमिसीची आजी. तिच्या दाढा शाबूत होत्या. पण ती पीटरची सासू. सासूने जावयाचं नाव घ्यायचं नाही, त्याच्या जवळपासचा शब्दसुद्धा नाही.

“बुबू, एकदाच म्हण. तो कुठे ऐकतोय?” तुमारी म्हणाला.

“ऐकतोय म्हणून तर हे सगळं चाललंय ना?” बुबू खेकसली. “जन्मभर त्याच्यापुढे लाज राखली. आता त्याला बोलता येत नाही, म्हणून सोडू?”

“बसू दे मग त्याला घराच्या छपरावर पावसापाण्यात भिजत,” तुमारी म्हणाला.

बुबूची लेक, म्हणजे योमिसीची आई, वारल्यावरही पीटर बुबूच्या दाराशी लाकडं टाकून जायचा, पाठ फिरवून, एक शब्द न बोलता. तो छपरावर भिजत बसावा, हे तिला सोसवेना.

तिने योमिसीला खाली बसवलं, आ केला, आणि पोरीचं बोट धरून थेट दाढांपर्यंत नेलं. “नाव नको. नुसती जागा बघ.” आणि तिने तो आवाज काढला, एकटाच, मागेपुढे काही नाही.

योमिसीच्या बोटाला वारा लागला. मग तिने स्वतःची जीभ हलवून पाहिली. आधी खोकला आला, मग ओकारी.

“डुक्कर बसेल की पळेल?” तुमारीने विचारलं.

“गप रे, बोळक्या!”

दुपार कलली. योमिसी पुन्हा कड्यावर गेली. हाक निघाली, ओबडधोबड, पण मधोमध तो आवाज घेऊन. बुबूने डोक्याला अडकवलेली जाळीची पिशवी झटकन तोंडावर ओढली. जावयाचं नाव कानी पडलं की सासूने तोंड झाकायचं असतं.

धूर वाकला. हळूहळू दरीत उतरला.

“गेला,” तुमारी म्हणाला आणि विस्तवावर माती लोटू लागला.

योमिसी रडत खाली बसली. पिशवीआडून बुबू म्हणाली, “परत काढ तो आवाज.”

“आता कशाला? बाबा गेले ना.”

“मी जायची आहे अजून. माझ्या नावात तर तो दोनदा येतो.”

योमिसीने डोळे पुसले आणि जीभ टाळूला लावली.