वरून दुसरी पायरी

मी एक जुनी काठी आहे. पण मित्रांनो, मी जन्मापासून काठी नव्हते बरं! मी दहा पायऱ्यांची बांबूची शिडी होते. सुरतेतल्या लिंबायतच्या एका गल्लीत धुडकूभाऊंच्या दाराशी आडवी पडलेली असायचे. धुडकूभाऊ लूमच्या खात्यात कामाला. त्यांनी मला स्वतःच्या हातांनी घडवलं होतं. बांबूला भोकं पाडून पायऱ्या ठोकल्या आणि वरून काथ्याने आवळल्या. तेव्हा मी काय ताठ होते म्हणून सांगू!

गल्लीत शिडी एकच, त्यामुळे मला उसंत नसे. संक्रांतीला पतंगवाले, उन्हाळ्यात वाळवणवाल्या, टाकी बघायला कुणी ना कुणी. धुडकूभाऊंची बायको सरलाबाई कुणाला नाही म्हणायची नाही. गल्लीचा एकच नियम होता. माझी पायरी कुणाकडून दुखावली, तर त्याने तिला लाल चिंधी बांधायची आणि दारात येऊन सांगायचं. सुरतेत चिंध्यांना काय तोटा! घरोघरी बाया मजुरीवर साड्यांचे धागे कापत बसलेल्या. चिंधी बांधून आलेल्याला सरलाबाई कधी रागावली नाही, उलट चहा पाजायची.

शेजारच्या खोलीत गजेंद्र राहायचा. पलसाण्याच्या मिलमध्ये रंगखात्यात होता. दोन वर्षांपूर्वी खाडीचं पाणी गल्लीत शिरलं, तेव्हा तो, त्याची बायको आणि दोन्ही पोरं माझ्याच अंगावरून सरलाबाईच्या स्लॅबवर चढली. तीन दिवस सरलाबाईने त्या चौघांना वर भाकरी करून घातली. स्वतः दोघं नवराबायको चहावर राहिली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, ऐकीव नाही.

यंदा मार्चात गजेंद्रने खिडकीत कूलर बसवायला मला नेलं. शहाण्याने अख्खा कूलर खांद्यावर घेतला आणि चढला. वरून दुसरी पायरी खालच्या अंगाने कडकन तडकली. समोरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. त्याने रुपालीकडून, म्हणजे बायकोकडून, लाल चिंधी मागून घेतली आणि बांधली. मी मनात म्हटलं, शाबास रे पठ्ठ्या!

मला उचलून तो सरलाबाईच्या दारापर्यंत आला. आत कुकरची शिट्टी झाली. त्याने घड्याळ पाहिलं. पाळीला उशीर होत होता, आणि आता सांगायचं म्हणजे बसावं लागणार, चहा घ्यावा लागणार. "रविवारी नवी पायरी ठोकून देतो, तोवर कोण चढतंय," असं पुटपुटत त्याने चिंधी सोडली आणि खिशात घातली. मी बांबूची, माझ्या तोंडाला कुलूप. मला भिंतीला टेकवून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरलाबाई ज्वारीच्या बिबड्यांच्या, म्हणजे पापडांच्या, पिठाचं पातेलं एका हातात घेऊन चढली. चिंधी नाही, म्हणजे पायरी धड. इतका तिचा गल्लीवर भरवसा! आठ पायऱ्या मी तिला नेलं. नववीवर पाय पडला आणि मी तिला खाली टाकलं. होय, मीच. तिचा खुबा मोडला. पिठात लडबडलेली ती ओरडत पडली होती.

सगळ्यात आधी कोण धावलं? गजेंद्र! त्याने तिला उचलून रिक्षात घातलं, तीन दिवस दवाखान्यात बसून राहिला, पाळ्या बुडवल्या. गल्ली म्हणाली, शेजारी असावा तर असा. धुडकूभाऊंनी मला लाथ घातली. "सडेल व्हती रांड!" म्हणाले. ज्यांनी मला घडवलं, त्यांच्या तोंडून मी हे ऐकलं.

मग गजेंद्रच करवत घेऊन आला. आधी त्याने ती तडकलेली पायरी काढली आणि पाणी तापवायच्या चुलीत सारली. ती जळून राख होईपर्यंत तो उभा होता. बाकीची मी तुकड्यातुकड्यांनी त्याच चुलीत गेले. माझ्या एका बांबूचं वरचं निमुळतं टोक तेवढं त्याने तासून गुळगुळीत केलं आणि सरलाबाईच्या हातात दिलं. ती काठी म्हणजे मी.

एकदा तो एकटाच तिच्यासमोर येऊन बसला. "मावशी, ती पायरी..." एवढंच बोलला. सरलाबाईने त्याचा हात धरला. "पायरीचं काय घेऊन बसलास? तू व्हता म्हनीसन मी वाचनू. तुना उपकार मी कशा फेडू रे भाऊ?" गजेंद्र चहा प्याला आणि गेला.

आणि ती फेडते आहे, मित्रांनो! कुणाचं देणं डोक्यावर ठेवून मरायचं नाही, असा तिचा बाणा. दिवसभर पाय लांब करून ती रुपालीच्या साड्यांचे धागे फुकट कापून देते. पहिल्या आठवड्यात रुपाली "नको हो मावशी" म्हणायची. आता सकाळी गठ्ठा आणून टाकते आणि संध्याकाळपर्यंत का झाला नाही म्हणून विचारते. गजेंद्र ते ऐकतो.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनवणी आहे. शेजाऱ्याची वस्तू तुमच्या हातून मोडली तर मोडू द्या, पण चिंधी बांधा आणि दार वाजवा. तेवढ्याला फार तर एक चहा लागतो.

रोज दिवेलागणीला सरलाबाई तयार साड्यांचा गठ्ठा काखेत धरून मला टेकत टेकत त्यांच्या दाराशी जाते. नवव्या पायरीचं आरपार भोक अजून माझ्या अंगावर आहे. करवतीने ते गेलं नाही, तासण्यानेही गेलं नाही. मला धरताना तिचा अंगठा बरोबर त्याच भोकात बसतो. "पकड चांगली बनाडी तुनी," असं ती गजेंद्रला कौतुकाने सांगते. तो गठ्ठा घेतो आणि दार लावून घेतो.