जिभेवरून उतरलेली साखर

"महाराज, माणसांतली साखर तुम्ही काढता, तर ती ठेवता कुठं?"

हा प्रश्न विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती, आणि अश्विनीनं तो श्रीगोंद्याच्या भर बाजारतळावर उभं राहून विचारून टाकला. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळाल्यापासून गप्प बसणं तिला जमतच नव्हतं.

मांडव गच्च भरला होता. भोंग्यावर भजनाची कॅसेट, समोर साखरउताऱ्या महाराज. मधुमेहाच्या माणसानं पुढं यायचं, महाराजांनी दिलेली हिरवी पूड चघळायची, चूळ भरायची आणि चिमूटभर साखर तोंडात टाकायची. ती मातीसारखी लागे. माणूस चकित होऊन बघत राहिला, की महाराज माईकवर सांगत, "तुझ्या देहातली साखर उतरली. आता बाहेरची साखर तुला वळखत न्हाई." या वाक्याचा अर्थ कुणालाच लागत नसे, म्हणून टाळ्या जास्त पडत.

पहिल्या रांगेत अश्विनीचे वडील गोरक्ष, म्हणजे अण्णा, हात जोडून बसले होते. अण्णा गुऱ्हाळावरचे गुळव्या. काहिलीतला पाक झाला की नाही हे ते चाखून सांगत, आणि शेजारच्या चार गावांत तो शेवटचा शब्द असे. अशा माणसाला मधुमेह निघाला. मग महाराजांची पूड चघळल्यावर त्याच जिभेनं निकाल दिला, की गुळाला चव नाही. आयुष्यभर तिचं ऐकलेलं, आत्ताच अविश्वास कसा दाखवायचा? दिवाळीपासून डॉक्टरांच्या गोळ्या बंद होत्या. तळपायात उसाचा बुडखा घुसून झालेली जखम मात्र भरायचं नाव घेत नव्हती.

अश्विनीच्या प्रश्नावर महाराज मंद हसले. ती साखर आपण स्वतः पचवतो म्हणाले आणि प्रसादाची एक पुडी तिच्याही हातावर ठेवली. तिनं त्यातली चिमूट ऐटीत चघळली. पैज जिंकल्याबद्दल मैत्रिणींनी पेढा आणला. तो लागला भिजवलेल्या खडूसारखा.

झालं. ढाल मिळवलेली ही विदुषी अर्धा पेढा हातात धरून रडायला लागली. तिच्या हिशेबानं तिला मधुमेह होता, तो आत्ताच कळला आणि आत्ताच बराही झाला. तासाभरानं उरलेला पेढा गोड लागला, तेव्हा रोग परत आला म्हणून ती पुन्हा रडली.

दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या झेंडेबाईंनी तिची लघवी निळ्या द्रावणात तापवून दाखवली. निळी ती निळीच राहिली. साखर असती तर विटेसारखी लाल झाली असती. मग त्यांनी पुडीचा वास घेतला आणि हसू दाबत सांगितलं, की हा गुडमार वेलीचा पाला. तो चघळला की जिभेला तासभर गोड कळत नाही. चिमूटभर पाल्याचा रक्ताला पत्ताही नसतो.

बाईंकडून द्रावण आणि परीक्षानळी घेऊन अश्विनी थेट गुऱ्हाळावर गेली. तिथं तिनं आधी भाषण सुरू केलं, ते कुणी ऐकलं नाही. मग चुलवाणात जाळ घालणाऱ्या कोंडीरामला पूड चघळायला लावली. कोंडीराम बैलासारखा धडधाकट. वर ताजा गूळ तोंडात टाकला आणि त्याचा चेहराच बदलला.

"गुळव्या, आज चिखल काढला व्हय रं?"

गुऱ्हाळावरच्या बाकीच्या दोघा गड्यांचंही तेच झालं. ज्यांच्या अंगात रोगच नव्हता, त्यांची कोणती साखर उतरली होती?

अण्णा उठले. परीक्षानळी घेऊन उसात गेले आणि तीत लघवी घेऊन आले. चुलवाणाच्या निखाऱ्यावर निळं द्रावण आधी हिरवं, मग पिवळं, मग विटेसारखं लाल झालं.

जीभ फसते, डोळे फसतात, गर्दीही फसते. म्हणून तपासून घ्यायचं असतं, आणि हे कळायला ढाल लागत नाही. एवढं सांगून थांबायचं अश्विनीनं ठरवलं होतं. पण ती महाराजांवर घसरली, आणि अशा भोंदूच्या पायाशी बसलातच कसे, असं वडिलांना विचारून बसली.

"लई दिसांनी कुनीतरी म्हनलं, तू बरा झालास," अण्णा जखमेकडं बघत म्हणाले. "घरात मी ताटावर बसलो, की समदे माझ्या हाताकडं बघत्यात. अन् तू तर पाव्हन्यांम्होरं चहाचा कप वढून घेतीस. रोग परवडला, पर चोरावानी जेवनं नको वाटतं."

अश्विनी स्वतःला आजवर नर्स समजत होती. निघाली फौजदार. अण्णांच्या लंगड्या चालीशी चाल जुळवत ती घरी आली.

छबूबाई, तिची आई, चुलीवर आधण ठेवत होती. नवऱ्याचा कप वेगळा काढायला तिनं हात पुढं केला.

"आई, थांब. अण्णा, तुमीबी ऐका, माझं ठरलंय," अश्विनी म्हणाली. "उद्या दवाखान्यात पाय दाखवू, मी सोबत येते. गोळ्या तुमच्या तुमी घ्यायच्या, मी मोजनार न्हाई अन् ताटातबी बघनार न्हाई. अन् आजपासून घरात चहा सगळ्यांचाच बिनसाखरेचा. पाव्हने आले तरी. कुनी इचारलं, तर मी सांगेन, आमच्यात असाच पित्यात."