एक वस्तू, एक जागा

गल्लीत त्यांना सगळे काटकोन म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. सुतारकामात हात असा बसलेला, की त्यांनी केलेला ड्रॉवर ओढला तर हूं की चूं न करता यायचा आणि ढकलला तर जागेवर जाऊन गप्प बसायचा. स्वभावही तसाच, सरळ आणि टोकदार. खाली वर्कशॉप, वर घर. वर्कशॉपच्या भिंतीवर प्रत्येक हत्यारामागे त्याच्या आकाराची पेन्सिलची रेघ काढलेली. करवत तिच्या रेघेत, पटाशी तिच्या रेघेत. एखाद्या गिऱ्हाइकाने हातोडी उचलून भलतीकडे ठेवली, तर त्याची काही धडगत नसे. "एक वस्तू, एक जागा!" हे ते दिवसातून इतक्यांदा म्हणत, की बायको म्हणायची, "माझी पण काढून ठेवा एकदा भिंतीवर रेघ. हरवायला नको."

आणि त्या बाईचा आवाज! जिन्याच्या वरच्या पायरीवरून तिने "अहो, जेवायला या!" अशी हाक मारली, की करवतीच्या आवाजातून आरपार जायची. समोरचा सायकलवालासुद्धा पाने-पकडी आवरून जेवायला निघायचा. म्हणायचा, "वहिनी असताना मला घड्याळ कशाला हवं?"

मग तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये गाठ गेली, आवाजही गेला. घंटा लावून पाहिली, पण मशीन चालू, कानांत कापसाचे जाड बोळे, घंटा ऐकणार कोण? फोन भुशाने खराब होतो म्हणून काटकोन तो खाली आणतच नसत. शेवटी बायकोनेच डोकं लढवलं. वर्कशॉपच्या कोपऱ्यात ऑर्डरींसाठी एक कॉम्प्युटर होता. त्यावर तिने मेलचा प्रोग्रॅम बसवला, आणि वरून टॅबलेटवर टाइप करून ती खाली मेल धाडू लागली. मेल आला की स्क्रीनवर पिवळी चौकट उजळायची, ती मात्र कामातही दिसायची.

"अहो, जेवायला या." "अहो, पाहुणे आलेत, अंगावरचा भुसा झटकून या." "अहो, चहा दुसऱ्यांदा गरम केलाय, तिसऱ्यांदा करणार नाही." "अहो, माझ्यावरचा राग त्या बिचाऱ्या फळीवर काढू नका."

यांचं उत्तर ठरलेलं. "येतो." बस्स, एवढंच. आणि येतो म्हणून हे महाशय तासाभराने जायचे. ती झाकून ठेवलेलं ताट पुन्हा उघडायची, डोळ्यांनी जे काय बोलायचं ते बोलायची आणि समोर बसायची.

ती गेली. आवाज जाऊनही वाचली होती, पण दुखणं परत आलं आणि यावेळी घेऊनच गेलं. त्यानंतर काटकोनांनी एक नेम धरला. संध्याकाळी मशीन बंद केलं की कॉम्प्युटरपुढे बसायचं आणि तिचे मेल वाचायचे. कुठूनही सुरुवात करायची. तिचा आवाज कसा होता हे आठवेनासं होत चाललं होतं, पण तिचं "अहो" वाचलं की तो कानात यायचा. वाचून झालं की मगच वर जायचे. त्याशिवाय जिना चढवतच नसे.

आता तो जुना कॉम्प्युटर कुरकुरू लागला. सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की तोवर एक पाट गुळगुळीत करून व्हावा. लेक दुसऱ्या शहरात असते; एका ऑफिसात कॉम्प्युटरवर लोकांची खाजगी कागदपत्रं सांभाळते. ती येऊन बघून गेली. फर्निचरचे आराखडे तिने पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले आणि म्हणाली, "बाबा, हा आता सरणाच्याच वाटेवर आहे. मी नवीन धाडते."

"आणि आईचे मेल?" काटकोनांनी पहिलं तेच विचारलं.

"अहो बाबा, मेल कॉम्प्युटरमध्ये नसतातच. ते कंपनीकडे असतात. हा म्हणजे नुसती खिडकी. नव्या खिडकीत पासवर्ड घातला की सगळे दिसतात."

"नक्की?"

"मी रोज हेच काम करते, बाबा. आणि हो, जुना असाच भंगारात देऊ नका. आतली डिस्क काढून तिला भोकं पाडा. लोक काय काय चोरतात, तुम्हाला कल्पना नाही."

भोकं पाडायला सांगावं आणि काटकोनांनी ती कशीतरी पाडावीत, असं कधी झालंय? नवा कॉम्प्युटर खोक्यातून आला त्याच दिवशी त्यांनी जुन्याचे स्क्रू काढले, डिस्क बाहेर घेतली, शिकंज्यात धरली. पेन्सिलने खुणा केल्या, सारख्या अंतरावर. पोलादात घुसणारं बिट ड्रिलला लावलं आणि आरपार भोकं पाडली. वर कानसही मारली, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. कॉम्प्युटर भंगारवाला घेऊन गेला. डिस्क इतकी नीट झाली होती, की टाकवेना. भिंतीवर खिळ्याला लावली आणि सवयीने तिच्याभोवती रेघही काढली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लेकीचा फोन आला. कधी नव्हे तो खाली आणलेला फोन फळीवर उभा करून ठेवला आणि नवा कॉम्प्युटर सुरू झाला.

"मेलचा प्रोग्रॅम उघडलात? नाव विचारतोय का? घाला. आता पत्ता. आता पासवर्ड."

पासवर्ड कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला बायकोने सुताराच्या पेन्सिलने लिहून ठेवलेला. काटकोनांनी एकेक अक्षर दाबलं.

"काय दिसतंय?"

"मुंग्या."

"ठिपके हो! तसेच दिसतात. पुढे जा."

प्रोग्रॅमने थोडा विचार केला आणि लाल अक्षरांत सांगितलं, पासवर्ड चुकीचा. पुन्हा घातला. पुन्हा लाल. काटकोनांचा पारा चढला. "हिच्या हातचं अक्षर मला वाचता येत नाही असं म्हणणं आहे का याचं?" मग लक्षात आलं, मोठ्या अक्षरांचं बटण दाबलेलं राहिलं होतं. ते सोडलं. आता पासवर्ड चालला, पण सर्व्हर सापडेना. लेकीने येणाऱ्या मेलचा सर्व्हर सांगितला, जाणाऱ्या मेलचा सांगितला. काटकोनांनी एक टिंब गाळलं, ते शोधण्यात लेकीची अर्धी सुट्टी गेली.

"आता दोन पर्याय दिसतील," लेक म्हणाली. "वरचा घ्या, आयमॅप. त्यात मेल कंपनीकडेच राहतात. खालचा पॉप. तो घेऊ नका. त्यात मेल आपल्याकडे उतरले की तिकडचे पुसून टाकता येतात. जुनी पद्धत, आता कोण वापरतं!"

काटकोनांचा हात माउसवर थांबला. काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि निसटलं. त्यांनी वरचा पर्याय दाबला.

हिरवी खूण आली. खातं तयार झालं!

"बघा!" लेक फोनमधून टाळी वाजवत म्हणाली. "थांबा, मी एक मेल टाकते. आला?"

आला. पिवळी नव्हे, निळी चौकट उजळली. 'बाबा, पोचला का?' त्याच्या खाली बिजागऱ्यांच्या व्यापाऱ्याचा नवा भाव. त्याच्या खाली कुणा बाईचा निरोप, कपाटाचं दार घासतंय म्हणून. त्याच्या खाली काही नाही.

"आईचे कुठायत?"

"येत असतील. खूप आहेत ना, वेळ लागतो."

वाट पाहिली. काटकोन स्क्रीनवरून नजर हलवेनात. लेक म्हणाली डावीकडचं हे उघडा, ते उघडा, जंकमध्ये बघा, कचऱ्यात बघा. सगळं उघडलं. सगळीकडे पांढरं.  मग लेकीने विचारलं तेव्हा तिचा आवाज बदललेला होता.

"बाबा, जुन्या कॉम्प्युटरवर हे आईने बसवलं तेव्हा तुम्ही तिथे होतात?"

होते ना. आता सगळं लख्ख आठवलं. बायको खुर्चीवर, हे मागे उभे, कानावर पेन्सिल. प्रोग्रॅमने विचारलं होतं, मेलची एक प्रत कंपनीच्या सर्व्हरवर ठेवायची का? तिथे आधीच बरोबरची खूण होती. काटकोन म्हणाले होते, "प्रत कशाला? आपली वस्तू आपल्या घरात. एक वस्तू, एक जागा." तिने मान हलवली होती, बोलण्यासाठी हाताशी ठेवलेल्या पाटीवर लिहिलं होतं, 'असू दे की, तुमचं काय जातंय?' आणि यांनी खांद्यावरून हात घालून स्वतः ती खूण काढली होती. तिने हसून कपाळावर हात मारला होता.

"होतो," ते म्हणाले. "खूण मी काढली."

म्हणजे तिची प्रत्येक हाक इथे उतरत होती आणि तिकडून पुसली जात होती. कंपनीकडे काही उरतच नव्हतं.

"आईच्या खात्यात?" त्यांनी विचारलं. "तिने पाठवलेले तिच्याकडे असतील."

"ते मी बंद केलं, बाबा." "ती गेल्यावर सगळी खाती बंद केली ना मी, कुणी गैरफायदा घेऊ नये म्हणून. टॅबलेटही पुसला आणि माझ्या छोटीला खेळायला दिला." मग एकदम घाईघाईने, "पण थांबा! जुनी डिस्क आहे ना? त्यात असणार सगळे! तशीच असेल तर काढून देतात, माझ्या ओळखीचे लोक आहेत. डिस्क कुठाय, बाबा?"

डिस्क समोरच होती. भिंतीवर, तिच्या रेघेत. भोकांतून मागचा चुना दिसत होता.

काटकोन आयुष्यात खोटं बोलले नव्हते. लाकूड खोटं चालवून घेत नाही, असं ते म्हणत. पण भोकं पाडायला कुणी सांगितलं होतं? या पोरीनेच. तिच्या डोक्यावर हे कसं घालायचं? आई गेली तेव्हा तिनेच सगळं निस्तरलं होतं, सगळ्यांना धरून ठेवलं होतं.

"भंगारवाला घेऊन गेला," ते म्हणाले.

"कोणता? कोपऱ्यावरचा? कधी नेला?" लेकीच्या आवाजात जीव आला. आणि तो जीव ऐकून काटकोनांचं काळीज चिरलं. "काल ना? मग अजून त्याच्याकडेच असेल. मी आत्ता निघते, रजा टाकते. संध्याकाळपर्यंत पोचते. मी त्याचा सगळा ढीग उपसेन, बाबा. तुम्ही त्याला फोन करा, म्हणावं कशाला हात लावू नकोस. मिळेल. मिळेलच!"

ती पायात चपला घालत असावी, कुणाला तरी रजेचं सांगत होती. रडत होती आणि हसतही होती. तिला आणखी एक क्षण असं धावू देणं त्यांच्याने होईना.

"निघू नकोस," ते म्हणाले. "ऐक. डिस्क इथेच आहे. भोकं पाडलीत मी तिला."

तिची धावपळ थांबली. ऑफिसातले मागचे आवाज येत राहिले, कुणाची खुर्ची, कुणाचं हसणं.

"किती नीट पाडली असतील तुम्ही," ती शेवटी म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला. "मीच सांगितलं होतं. बाबा, मीच सांगितलं होतं ना तुम्हाला!"

"सांगितलं तू. पाडली मी. आणि खूणही मीच काढली होती. तुझा काही दोष नाही, पोरी."

पण असं म्हटल्याने कुणाचं ओझं कधी उतरलंय? ती बराच वेळ रडली. मग सुट्टी संपली म्हणून कुणीतरी तिला हाक मारली आणि तिला जावं लागलं.

काटकोनांनी डिस्क खिळ्यावरून काढली, हातात फिरवली, पुन्हा लावली. एखादा मेल आठवतो का बघितलं. चहाचा आठवला. फळीचा आठवला. पुढचे आठवेनात. रोज वाचत होते तरी आठवेनात, कारण ते कुठे जाणारच नव्हते, मग पाठ कशाला करायचे? स्वतःचं उत्तर तेवढं पक्कं लक्षात होतं. त्यांनी मशीन सुरू केलं नाही.

किती वेळ बसले कुणास ठाऊक. निळी चौकट उजळली. लेकीचा मेल होता, ऑफिसातून चोरून लिहिलेला. 'बाबा, जेवायला उठा. उपाशी बसू नका.'

बोटं थोडीच विचारून चालतात? इतक्या वर्षांची सवय. त्यांनी टाइप केलं, 'येतो,' आणि पाठवून दिलं.

पाठवलेल्याकडे ते बघत राहिले. मग उठले. तासाभराने नाही, तेव्हाच. अंगावरचा भुसा नीट झटकला, हात धुतले आणि जिना चढून वर गेले. टेबल रिकामं होतं. ते आपल्या खुर्चीवर बसले, समोरच्या खुर्चीकडे बघत म्हणाले, "आलो गं." आणि मग त्यांना रडू आवरेना.