कळंबचं पानी

थाप मारायची तर निदान शेजाऱ्यापाशी तरी मारू नये. हर्षवर्धनने लोडशेडिंगची थाप मारली ती नेमकी दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या इनेझला.

२००६ सालचा मे. उमेळे गावातली एक केळीची वाडी तोडून उभ्या राहिलेल्या बिल्डिंगमध्ये हर्षवर्धनचा फ्लॅट होता. ऑफिसातून आला की हा गृहस्थ फुकटात प्रोग्राम लिहायचा. मराठी शुद्धलेखन तपासणारा, कोणीही मोफत वापरावा, वाटल्यास उघडून सुधारावा असा. गटात पाच-सहा जण, सगळा व्यवहार ईमेलवर. इनेझ तेवढी गावातली, चर्चच्या ऑफिसात टायपिंग करणारी. ‘प’चे शब्द तिने भरले होते आणि वर बजावलंही होतं, “घरी आम्ही पानीच बोलतो. हाताने लिहिताना चुकत नाही, पण टाइप करताना शिफ्ट दाबायचं राहतं आणि ‘ण’चा ‘न’ होतो. तुम्ही एकदा नजर फिरवा, मगच पुढे पाठवा.”

“फिरवतो की,” हर्षवर्धन म्हणाला होता.

पण शाळेला सुट्टी लागली आणि लेकीने, आर्याने, समुद्राचा धोशा लावला. दिवाळीची सुट्टी कॉम्प्युटरने खाल्लेली. बायकोने, मीराने, सरळच सांगितलं, “या वेळी तो डबा बंद. नाहीतर आम्ही दोघीच जातो.” तिचं काय चुकलं? निघायच्या सकाळी रिक्षा खाली उभी, आर्या टायरची भलीमोठी ट्यूब कवटाळून हाका मारतेय, आणि याला तपासायचे शब्द आठवले. बाई नीटच करते, असं म्हणत त्याने न बघता सगळं पाठवून दिलं.

कळंबच्या किनाऱ्यावर मजा आली, अगदी मनापासून आली. ताडगोळे खाल्ले, सुरूच्या सावलीत घोरला, आर्याला ट्यूबवर तरंगवलं. ‘न’ आणि ‘ण’ एकदा आठवले, तेव्हा त्याने पाण्यात बुडी मारली.

परत येऊन पाहतो तर मेलबॉक्स पेटलेली. कोणी ‘पाणी’ लिहिलं की खाली लाल रेघ, आणि प्रोग्रामचा सल्ला: ‘पानी’ लिहा! शब्दांना प्रत्यय लावण्याचा नियम हर्षवर्धनचाच, त्यामुळे पान्यात, पान्याला, पान्याने अशी सगळी पिलावळ जन्माला आली होती. पुण्याच्या चंद्रहासने सगळ्यांना विचारलं होतं, ‘शब्द भरणाऱ्या बाईंना मराठी येतं ना?’

आणि हर्षवर्धनने लिहिलं काय, तर ‘लोडशेडिंगमुळे माझं तपासणं राहिलं.’ लगेच इनेझचं उत्तर आलं, सगळ्यांना: ‘खरंय. इथे लाइटचे फार हाल आहेत. चूक माझीच.’

त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

संध्याकाळी भाजी घेताना ती समोरच उभी राहिली. चुकवायला वाट नव्हती.

“काय हर्षवर्धन, कळंबचं पानी कसं होतं?”

त्याच्या हातातली पिशवी खाली आली. “तुम्हाला... कोणी सांगितलं?”

“रिक्षातून ट्यूब बाहेर आली होती, आणि पोर ‘कळंब, कळंब’ ओरडत होती, हो. आणि चर्चचा सण होता त्या आठवड्यात. उमेळ्यात लाइट गेलीच नाही.”

“मग गटात तसं का लिहिलंत?”

इनेझ वांगी निवडत राहिली. “पोर किती खूश दिसत होती. तिच्या सुट्टीवरून तुम्हाला चार लोक बोलले असते. मला काय, मी तर शिफ्ट दाबायला विसरलेच होते.”

एखादी शिवी दिली असती तरी त्याला बरं वाटलं असतं. वांगी तोलून घेऊन ती निघूनही गेली.

घरी आल्यावर मीराने त्याला कॉम्प्युटरकडे वळताना पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

“दोनच शब्द,” तो म्हणाला.

चंद्रहासच्या त्या प्रश्नाखाली, सगळ्यांना जाईल असं, त्याने टाइप केलं: ‘लाइट होती.’