निर्मनुष्य खोली क्रमांक सात

कायद्यांची पुस्तके छापणाऱ्या त्या कार्यालयाने विजेची बचत करण्याचा निश्चय केला, आणि त्या निश्चयाची घोषणा करण्यासाठी दोन हजार गुळगुळीत पत्रके छापली. त्यासाठी नेमलेल्या बचत समितीच्या प्रमुखांनी त्या दिवसापासून जाड हिरवे जाकीट घालायला सुरुवात केली. ते अंगावर सोसवावे म्हणून त्यांच्या दालनातला एसी सोळावर आणावा लागला. कर्मचाऱ्यांनी त्यांचे नाव ठेवले नाकतोडेसाहेब.

मग प्रत्येक खोलीच्या छताला सेन्सर बसले. खोलीत हालचाल असेल तोवर दिवे जळावेत, सात मिनिटे काही हलले नाही की विझावेत, अशी योजना होती.

खोली क्रमांक सातमध्ये मुद्रितशोधक बाई बसत. खोलीला खिडकी नव्हती. एक टेबल, आणि त्यावर प्रूफांची चळत. त्यांचे काम असे होते की ते जितके चोख व्हावे, तितका माणूस निश्चल होत जातो. पेन्सिल तेवढी ओळीखालून सरके, बाकीचा देह डोळ्यांच्या दिमतीला उभा. सात मिनिटांनी अंधार होई. बाई हात हलवत, दिवा लागे आणि हरवलेली ओळ पुन्हा शोधावी लागे. दिवसातून चाळीस वेळा बुडत्या माणसासारखे हातवारे करण्याचा त्यांना उबग आला. त्यांनी घरून बॅटरीवरचा दिवा आणला आणि त्याच्या उजेडात त्या निमूट वाचू लागल्या.

तीन महिन्यांनी समितीच्या अहवालाचे प्रूफ त्यांच्याच टेबलावर येऊन पडले. पान अकरा: ‘खोली क्रमांक सात बहुतांश काळ निर्मनुष्य आढळते. ती बंद करून तेथील पद रद्द करावे.’

बाईंनी वाक्य दोनदा वाचले. शुद्धलेखन निर्दोष होते. नवऱ्याचे दुकान बंद पडल्यापासून पाच माणसांचे घर याच पदावर उभे होते.

“साहेब, मी रोज दहा ते सहा तिथेच असते,” त्या दालनात जाऊन म्हणाल्या.

“बाई, माझा तुमच्यावर अविश्वास नाही. पण आकडे बघा. तुम्ही दिवसाला बावीस मिनिटं असता.”

“मग प्रूफं कोण तपासतं?”

“तो विषय समितीकडे नाही.” फोनवर बोलताना येरझारा घालण्याची साहेबांना सवय होती, त्यामुळे त्यांच्या दालनाचा वापर सगळ्यांत जास्त भरला होता. “जरा हलत राहा. अंतिम छपाईला महिना आहे. आकडे सुधारले तर बघू.”

घरी नवरा म्हणाला, “अगं, मग हलायचं थोडं. त्यात काय जातं?”

“घरात एक क्षण बूड टेकत नाही ती,” सासूबाई आतून म्हणाल्या. “ते यंत्र इथे आणून लाव म्हणावं. जळून जाईल.”

तोड काढली ती वायरमनने. सेन्सर त्यानेच बसवले होते.

“ताई, हे यंत्र हलेल त्याला माणूस समजतं.”

“अच्छा.”

“नाहीतर आपले साहेब पास झाले असते का?” त्याने भांडारातून एक टेबलफॅन आणला, त्याच्या जाळीला रद्दी प्रूफांच्या लांब पट्ट्या बांधल्या आणि तो सेन्सरखाली ठेवला. “बंद करू नका. रात्रीसुद्धा नाही. सरासरी चोवीस तासांची काढतात.”

“आणि वीज?”

“वीज वाचवायची का नोकरी, ते तुम्ही ठरवा.”

महिनाभर पंखा फिरला, पट्ट्या फडफडल्या, दिवे अहोरात्र जळले. अंतिम प्रूफात पान अकरावर मजकूर बदलला होता: ‘खोली क्रमांक सातचा वापर चोवीस तास. येथील कर्मचाऱ्याची निष्ठा अनुकरणीय आहे. पद कायम ठेवावे व तेथे एसी बसवावा.’

बाईंच्या पेन्सिलीने सवयीने समासात शंका लिहिली: ‘रात्री कोण असते?’ आणि प्रूफ परत गेले.

ते घेऊन साहेब स्वतः आले. त्या खोलीत त्यांचे पाऊल प्रथमच पडत होते. त्यांनी पंख्याकडे पाहिले, पट्ट्यांकडे पाहिले, मग छताकडे. सारे त्यांच्या ध्यानात आले. आणि ध्यानात आलेले चेहऱ्यावर उमटू न देण्याची जी विद्या त्यांना इथवर घेऊन आली होती, ती याही वेळी कामी आली.

“ही शंका ठेवली तर सगळे तक्ते पुन्हा करावे लागतील. बारा टक्के बचत दाखवली आहे आपण.”

“वाक्य खोटं आहे, साहेब.”

“आधीचं घालू का परत? ते टाईप करून तयार आहे.”

बाईंनी खोडरबर घेतले, शंका पुसली, समासातला चुरा बोटाने झटकला. मग कोपऱ्यात ‘छपाईस योग्य’ असे लिहून खाली सही केली.

“अक्षर मात्र सुरेख आहे हं तुमचं,” साहेब म्हणाले.